नसीमआपा आणि अकरा पॉवर सप्लाय

नसीमआपांच्या भावाचा, इरफानचा फोन आला तेव्हा मी बाणेरच्या एका इमारतीचं चित्र करत होते. अजून पाया न खणलेली इमारत उभी राहिल्यावर कशी दिसेल, तिच्या गच्चीवर ऊन कसं पडेल, हे कॉम्प्युटरवर दाखवून देणं हा माझा व्यवसाय. दुपारचे साडेतीन वाजले असतील. "वैशालीताई, आपा गेल्या," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" आणि विचारून झाल्यावर मला कळलं. पलीकडे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग त्यानेच सावकाश सांगितलं... जेवून त्या पेपर घेऊन आडव्या झाल्या होत्या, चहाला उठवायला त्याची बायको गेली, तर पेपर छातीवर तसाच होता आणि चष्मा नीट घडी करून उशाशी ठेवलेला. फोन ठेवून मी टेबलापाशी बसून राहिले. समोर पडद्यावर माझं चित्र पट्ट्यापट्ट्यांनी पुरं होत होतं. ते थांबवावं हेही सुचेना. मशिन मात्र थांबलं नाही. गेली सहा वर्षं ते कधी मध्येच थांबलेलं नाही, आणि का थांबलेलं नाही हे सांगायचं तर नसीमआपांबद्दलच सांगावं लागेल. आज त्यांना जाऊन पाच आठवडे झाले.

एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बावीस वर्षं नोकरी केली. ते ऑफिस बंद झालं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. नवी नोकरी कुणी देईना. मग शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावरच कॉम्प्युटर मांडून मी स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं मोठं काम मिळालं म्हणून हौसेने भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं. चित्रं तयार करण्याचं सगळं जड काम हे कार्ड करतं. ते बसवलं आणि माझ्या कामाला ग्रहण लागलं. पत्रं लिहा, हिशेब करा, मशिन गुणी बाळासारखं चाले; चित्र तयार करायला टाकलं की पाच-सात मिनिटांत पडदा काळा, पंखे गप्प. तीन जणांना दाखवलं. एकाने सगळं पुसून पुन्हा भरून दिलं. दुसरा म्हणाला कार्डच खराब आहे. तिसऱ्याने टेबलाची दिशा बदलून बघा म्हणून सुचवलं, आणि खरं सांगते, मी ती बदलूनही बघितली. परवावर आलेलं काम हातचं गेलं असतं तर पुढचं मिळणार नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, कसबा पेठेत एक बाई आहेत, जरा फटकळ आहेत, पण बघा.

रिक्षातून ते धूड मांडीवर घेऊन मी गेले. तीन पायऱ्या चढून छोटंसं दुकान; शेजारी तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडत होते, त्यामुळे सगळं मोठ्याने बोलावं लागे. आत पन्नाशी उलटलेली, डोक्यावर पदर, नाकावर घसरलेला चष्मा, अशी एक बाई स्टुलावर बसलेली. मी विचारलं, "दुरुस्ती करणारे कुठे आहेत?"

"बसलेत तुमच्यासमोर. काय करतं हे?"

"बंद पडतं."

"कधी?"

"काम सांगितलं की."

"मग शहाणं आहे," आपा म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रू काढायला घेतले.

त्यांनी माझ्या त्या भारी कार्डाला हातसुद्धा लावला नाही. मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा चौकोनी डबा तेवढा सोडवला, तळहातावर घेतला, भाजीवालीने कोबी जोखावा तसा दोनदा वरखाली केला आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, कार्ड घेताना काय काय विचारलंत?" मी म्हटलं, वेग विचारला, मेमरी विचारली. "आणि ते जेवणार काय, हे?" तो डबा म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला त्याच्या त्याच्या मापाने वाढणारा. मी घाईघाईने म्हटलं, "पण त्याच्यावर पाचशे वॅट लिहिलंय की!" आपा म्हणाल्या, "लिहायला काय, मी उद्या या दुकानावर राजवाडा लिहीन." मग त्यांनी खोक्याचा एक पुठ्ठा फाडला आणि शाळेतल्या बाईंसारखं मला गणित घातलं. कार्ड दोनशे वीस, प्रोसेसर सव्वाशे, बोर्ड, डिस्क, पंखे धरून साठ-सत्तर. बेरीज चारशेच्या थोडी वर. "मग पाचशेचा पुरायला हवा," मी म्हटलं. "चांगला पाचशेचा पुरला असता, कसाबसा. तुमचा हा चांगला नाही. खालची बारीक अक्षरं वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही बारा व्होल्टच्या वाटेने जेवतात. त्या वाटेने हा जेमतेम तीनशे देतो. बाकीचा आकडा शोभेचा. आणि कार्ड काही एका लयीत खात नाही, मध्येच क्षणभर दीडपट ओढतं. त्या क्षणाला हा हात वर करतो. मशिनने स्वतःला वाचवलंय, तुम्ही त्याला शिव्या देताय."

त्यांनी साडेसहाशेचा सप्लाय बसवला. कार्डाला दोन ठिकाणी वीज द्यायची असते, तर एकाच वायरीला दोन तोंडं फोडून न देता दोन वेगवेगळ्या वायरी लावल्या, आणि "आता इथेच चालवा" म्हणून मला स्टूल दिलं. दीड तास मी त्या दुकानात बसून होते. शेजारच्या ठोक्यांत माझ्या मशिनचा आवाज ऐकू येत नव्हता म्हणून मी मधूनमधून त्याच्या पत्र्याला हात लावून बघत होते. चित्र पुरं झालं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं... दोन महिन्यांचं साठलेलं असेल. आपांनी ते पाहिलं, आणि लगेच खाली वाकून मिनिटभर उगाचच पंखा तपासत बसल्या. या बाईशी माझी मैत्री होणार हे मला त्या मिनिटात कळलं होतं.

त्यांचे वडील त्याच दुकानात रेडिओ दुरुस्त करत. ट्रान्सफॉर्मरवर हाताने तार गुंडाळायची आणि वेढे मोजायचे काम सात-आठ वर्षांच्या नसीमकडे असे. चुकलं की पहिल्यापासून. "अब्बांनी मला एवढंच शिकवलं, पुन्हा पहिल्यापासून मोजायला," त्या म्हणत. पुढे पॉलिटेक्निक केलं, भोसरीच्या एका कारखान्यात तपासणीवर नोकरी केली, वडिलांची नजर गेली तशी नोकरी सोडून दुकानात बसल्या. लग्न केलं नाही; का, हे मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "स्थळं सांगून येत होती. मी खालची बारीक अक्षरं वाचत होते." घरी धाकटा भाऊ इरफान, त्याची बायको आणि म्हातारी आई. आईशी त्या दखनीत बोलत, गिऱ्हाइकाशी असं मराठी की आमच्या पेठेतल्या भल्याभल्यांनी सावरून बसावं. शब्दकोड्यांचं वेड होतं. दुपारी दुकान अर्धं बंद करून डबा खाताना माझा फोन वाजे. "आडवा सात. उपकाराची जाणीव, चार अक्षरं." मी म्हणे, कृतज्ञता. "हं," म्हणून फोन बंद. गेल्या सहा वर्षांत मी किती शब्द पुरवले असतील कोण जाणे. आभार मात्र एकदाही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचं मशिन दुकानात आलं. सप्लाय आपांनीच सहा महिन्यांपूर्वी दिलेला, वापरताना जळाल्याचा वास येत होता. मी त्या दिवशी तिथेच होते. आपांनी तो डबा खोलला आणि बघतच राहिल्या. आतला ट्रान्सफॉर्मर आगपेटीएवढा, संरक्षणाचे भाग बसवायच्या जागा रिकाम्या, आणि तळाला चिकटवलेला लोखंडाचा एक तुकडा. काहीही काम नसलेला. फक्त वजनासाठी. कुणी तळहातावर जोखून बघणारं असेल तर त्याला फसवण्यासाठी! आपा हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या हाताला फसवलं, वैशाली." आवाजात राग नव्हता, लाज होती. नेहमीचा व्यापारी सोडून एकदाच त्यांनी दुसऱ्याकडून माल घेतला होता. एक लॉट, बारा नग. हा एक परत आला. बाकीचे अकरा पुण्यात कुणाकुणाच्या घरी चालू होते.

इरफान म्हणाला, "आपा, फोन करा सगळ्यांना. आणतील तेव्हा बदलून देऊ." त्याचं काही चुकत नव्हतं. आपा म्हणाल्या, "आणतील तेव्हा? चालतंय ते मशिन कोण उचलून आणतं? आणि टेबलाखाली नुसतं बंद पडलं तर ठीक. पेटलं म्हणजे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉरंटीच्या कागदांवरून अकरा पत्ते काढले आणि अकरा चांगले सप्लाय मागवले, प्रत्येक खोलून, बघून, पुन्हा मिटून. स्कूटर माझी होती. पायाशी दोन खोकी, मागे आपा, त्यांच्या मांडीवर हत्यारांची पिशवी, अशा आम्ही रोज दुपारी निघत असू.

लोकांचे किती नमुने भेटले! सहकारनगरात एका निवृत्त प्राध्यापकांनी दार अर्धं उघडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही विकलेली वस्तू वाईट आहे, हे सांगायला तुम्ही स्वतः आलात. आणि हे पुणेच आहे ना?" आपा म्हणाल्या, "हो. आणि तुम्ही अजून आत या म्हणाला नाहीत, म्हणजे नक्कीच आहे." गृहस्थ इतके हसले की पोह्यांशिवाय सोडलंच नाही. एका बाईंनी मात्र आमच्यावर संशय घेऊन सोसायटीच्या वॉचमनला बोलावलं. आपा शांतपणे त्याच्या देखत काम करून आल्या.

सहावं घर खडकीला होतं, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर आपा पायरीवर बसल्या. ओठ निळसर झाले होते. मी घाबरून पाणी दिलं. मला त्यांनी इतके दिवस दमा म्हणून सांगितलं होतं. तिथे त्या जिन्यावर पहिल्यांदा म्हणाल्या, "दमा नाही ग. झडप खराब आहे हृदयाची. ऑपरेशन सांगितलंय." मी रागावलेच. म्हटलं, "आपा, तुम्ही इथेच बसा. मी वर जाते, समजावते, डबा बदलायला आता मलाही येतो." त्यांनी मान हलवली. "डबा तू बदल. सांगायचं मलाच पाहिजे." आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. वर कारखान्यातले एक फोरमन आणि त्यांची मुलगी ऋतुजा होती, ॲनिमेशन शिकणारी. तिचं वर्षाचं काम चार दिवसांनी द्यायचं होतं आणि ती मशिनला हात लावू देईना. आपा तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "तू स्वतः बदल. मी नुसती बघते. कुठली वायर कुठे जाते त्याचा आधी फोटो काढ." पाऊण तासात त्या पोरीने सप्लाय बदलला. उतरताना आपांना दम लागला होता तरी मला म्हणाल्या, "हात बघितलास तिचा? घाई नाही हाताला."

दहा घरं झाली. अकरावा पत्ता लागेना. सुनील नावाचा लग्नाचे फोटो काढणारा माणूस. खोली बदललेली, फोन बंद. आपांना झोप लागेना झाली. ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली आणि मी त्यावरून त्यांच्याशी भांडले. आठवडाभर बोलले नाही. आजही मला त्या आठवड्याची टोचणी आहे. शेवटी एका फोटो फ्रेमवाल्याकडून पत्ता मिळाला. सुनील धायरीला राहत होता. आपांनीच फोन करून "स्कूटर आहे का मोकळी?" म्हणून विचारलं आणि आमचं भांडण मिटलं.

आम्हाला उशीर झाला होता. त्याचा सप्लाय तीन महिन्यांपूर्वीच जळाला होता, जाताना बोर्ड आणि डिस्क घेऊन गेला होता. डिस्कमध्ये एका लग्नाचे सगळे फोटो होते. दुसरीकडे ठेवलेले नव्हते. त्या लोकांनी त्याला चारचौघांत नको नको ते ऐकवलं होतं, पुढची कामं तुटली होती, आणि तो एका गोदामात नोकरीला लागला होता. आपलीच काही चूक झाली, रात्रभर मशिन चालू ठेवलं म्हणून जळलं, असं तो तीन महिने समजत होता. बायकोही तेच म्हणत होती. आपा दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तुमची चूक नव्हती. मी दिलेली वस्तू खोटी होती. मी तपासली, पण खोलून तपासली नाही." मग तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. गल्लीतली माणसं बाहेर आली. मी आपांचा हात धरून ओढू लागले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. तो थकेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "डिस्क टाकून दिलीत?" दिली नव्हती. पलंगाखाली एका डब्यात होती.

त्या डिस्कवर आपांनी सात आठवडे घालवले. तिच्या पाठीवरचा छोटा बोर्ड जळाला होता. अगदी त्याच जातीची दुसरी डिस्क मिळवून तिचा बोर्ड इथे लावायचा, आणि जळक्या बोर्डावरची तांदळाएवढी एक चिप काढून त्याच्यावर डकवायची, असा तो प्रकार. जुन्या सामानाच्या बाजारात आम्ही कितीतरी हेलपाटे घातले. चिप बसवायच्या दिवशी शेजारच्यांना विनंती करून त्यांनी तासभर ठोके बंद ठेवायला लावले. त्या शांततेत त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो चांगला नव्हता. सुनील आणि त्याची बायको दोघंही आली होती. पडद्यावर एकेक फोटो उमटू लागला. सगळं नाही मिळालं... हळद मिळाली, सप्तपदी मिळाली, पंगतीचे फोटो गेले. सुनील रडत होता. आपा चष्मा पुसत म्हणाल्या, "जेवण काय, सगळे जेवलेलेच असतात." त्याची बायको हसली, आणि मग तिने खाली वाकून आपांच्या पायांना हात लावला. आपांना ते अजिबात आवडलं नाही. "अहो, उठा, पाठ भरेल," म्हणाल्या.

नंतरच्या महिन्यात ऑपरेशन झालं. ते नीटही झालं. हृदयाचे डॉक्टर तरुण होते, आपांचा धंदा कळल्यावर समजवायला लागले की बघा, हृदय म्हणजे तुमच्या पॉवर सप्लायसारखंच असतं. आपा म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही झडपेचं बघा, सप्लायचं मी बघते." पुढे वर्षभर बऱ्या होत्या. दुकानात अर्धा दिवस बसत. मग यंदा पुन्हा पायांवर सूज, पुन्हा दाखल. जिन्यांमुळे, उशिरामुळे असं काही झालं का, हे मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं. ते म्हणाले, आजार जुना होता, तसं काही सांगता येत नाही. हे उत्तर मी अजून कुठे ठेवायचं ते ठरवू शकलेले नाही.

आमची शेवटची भेट हॉस्पिटलातून घरी सोडल्यावरची. मी म्हटलं, नवं कार्ड घ्यायचं म्हणतेय, जुनं आता पुरत नाही. खरं तर त्यांना बोलतं करायला काढलेला विषय. त्या उशीला टेकून बसल्या. "कर गणित." मी केलं. कार्ड तीनशे वीस, प्रोसेसर, बाकीचं. मध्येच ओढेल त्याची सोय. बारा व्होल्टच्या वाटेचा आकडा वेगळा बघितला. आहे तो साडेसहाशेचा चालला असता, पण फारच काठावर, शिवाय सहा वर्षं राबलेला. म्हणून साडेआठशेचा, आणि वायरी वेगवेगळ्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "बरोबर." सहा वर्षांत त्यांनी मला हा शब्द पहिल्यांदा दिला. मी चौपन्न वर्षांची बाई, पहिलीतल्या पोरीसारखी फुलून गेले. निघताना त्यांनी हाक मारली. "वैशाली, ऋतुजाला विचार. नोकरी नाही लागली तर दुकानात येते का." पुढच्याच आठवड्यात इरफानचा फोन आला.

मातीला मोठी गर्दी होती. सहकारनगरचे प्राध्यापक आले होते, काठी टेकत. सुनील आला होता. त्याने पुन्हा काम सुरू केलंय. ऋतुजा आता आठवड्यातून तीन दिवस त्या दुकानात बसते. परवा मी गेले तर कुणालातरी सांगत होती, "आकडा राहू द्या, खोलून बघू."

नवं कार्ड आणि नवा सप्लाय घरी येऊन दोन आठवडे पडून होते. गेल्या रविवारी धीर करून मशिन उघडलं. जुना साडेसहाशेचा डबा सोडवून बाहेर काढला, तर त्याच्या मागे, एरवी कधीच दिसला नसता अशा पत्र्यावर, एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. पेन्सिलने लिहिलेली, आपांच्या त्या मोजून काढलेल्या अक्षरांत. पहिल्या दिवशी हा डबा बसवण्याआधीच कधीतरी लिहिली असणार, पुढेमागे कोण उघडेल त्याच्यासाठी. "पंख्याची जाळी दर दिवाळीला पुसणे. मी नसले तर स्वतः पुसणे. सोपं आहे."

मी चिठ्ठी तशीच राहू दिली. कपाटातून रंगाचा जुना ब्रश काढला आणि जाळी पुसायला बसले. एक जाळी पुसायला खरं तर पाच मिनिटं लागतात. मला सगळी दुपार लागली.